सम्यक, आणि पुढचा शब्द



ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, त्या गुरुजींचा मी विद्यार्थी. माझ्यासारखे अनेक विद्यार्थी चंद्रपूरच्या या सभागृहात बसलेले मला दिसताहेत. गुरुजींची एक सवय तुम्हाला आठवत असेल. जूनमध्ये नवं पोर शाळेत आलं की ते दाखल-खारीज रजिस्टर उघडायचे, पेनाचं टोपण काढायचे आणि विचारायचे, ‘नाव काय?’ पोरानं नाव सांगितलं की लगेच दुसरा प्रश्न यायचा, ‘म्हणजे काय रे?’ पोर गप्प व्हायचं. आई पदर सावरायची. माझी आई म्हणाली होती, ‘चांगलं नाव आहे गुरुजी, एवढंच ठाऊक.’ त्यावर ते म्हणाले, ‘मग चांगलं म्हणजे काय, ते आपण शोधू.’ आणि खरोखरच मला जवळ बसवून त्यांनी माझ्या नावाचा अर्थ सांगितला. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की नाव हे नुसतं हाक मारायला नसतं.

आजचं व्याख्यान हे गुरुजींच्या त्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. संयोजकांनी विषय विचारला तेव्हा त्यांना वाटलं असेल, मी जंगलावर बोलेन, कोळशावर बोलेन, वाघावर बोलेन. मी म्हटलं, मी एका नावावर बोलणार. ते नाव आहे सम्यक.

हेच नाव का? एक प्रसंग सांगतो. मध्यंतरी ब्रह्मपुरीकडच्या एका प्राथमिक शाळेत गेलो होतो. बाईंनी दुसरीच्या वर्गात ‘सम्यक, पाणी आण बरं’ असं म्हटलं आणि तीन पोरं उठून उभी राहिली. बाईंना त्यात नवल नव्हतं. त्यांनी त्यांची वाटणी करून ठेवली होती, मोठा सम्यक, लहान सम्यक आणि चष्मेवाला सम्यक. मला मात्र नवल वाटलं. माझ्या वर्गात एकही सम्यक नव्हता. माझ्या वडिलांच्या वर्गात तर हे नाव कुणी ऐकलंही नव्हतं. मग हे नाव आलं कुठून? त्याचा अर्थ काय? ते इतकं का रुजलं? आणि ते आपल्याकडून काय मागतं? या चार प्रश्नांच्या वाटेनं आपण जाऊ.

शब्द

आधी शब्द पाहू. संस्कृतात तो ‘सम्यक्’ असा लिहितात. पालीत त्याचं रूप ‘सम्मा’ होतं. फोड केली तर ‘सम्’ म्हणजे एकत्र, आणि ‘अञ्च्’ हा धातू, त्याचा अर्थ जाणं, वळणं. म्हणजे मुळात सम्यक म्हणजे एकत्र जाणारं, एकाच दिशेला वळलेलं. जे विखुरलेलं नाही, ज्याचे पाय एकीकडे आणि तोंड दुसरीकडे नाही, ते सम्यक. त्यातूनच पुढे ‘योग्य’, ‘यथार्थ’, ‘पूर्ण’ हे अर्थ आले.

या धातूची बाकीची लेकरं तुमच्या ओळखीची आहेत. ‘प्र’ला ‘अञ्च्’ जोडला की प्राची, म्हणजे पूर्व दिशा. ‘तिरस्’ला जोडला की तिर्यक, म्हणजे आडवं, तिरपं. तुमच्या गल्लीत एका घरी प्राची असेल आणि शेजारी सम्यक असेल, तर व्याकरणाच्या नात्यानं ती दोघं भावंडं आहेत. दोघांच्या नावात दिशा आहे आणि चालणं आहे.

हा शब्द कुणाच्या मालकीचा? बौद्ध परंपरेत तो अष्टांगिक मार्गाच्या आठही अंगांच्या आधी येतो. सम्यक दृष्टी, सम्यक संकल्प, सम्यक वाचा, सम्यक कर्मांत, सम्यक आजीविका, सम्यक व्यायाम, सम्यक स्मृती, सम्यक समाधी. बुद्धाला जे सम्मासंबुद्ध म्हणतात, त्यातलं ‘सम्मा’ हेच. विहारात रोज वंदना होते आणि रोज हा शब्द आपल्या तोंडी येतो. जैन परंपरेतही सम्यक दर्शन, सम्यक ज्ञान आणि सम्यक चारित्र्य ही तीन रत्नं आहेत, म्हणून जैन घरांतही सम्यक हे नाव ठेवतात. आपल्याच भद्रावतीला जा. तिथं विजासन टेकडीत बौद्ध लेणी आहेत, आणि त्याच गावात पार्श्वनाथाचं जैन मंदिर आहे. एका गावाच्या शिवारात या शब्दाची दोन्ही घरं आहेत. आपल्या मराठी समीक्षकांनीही तो जपला. ‘सम्यक आकलन’, ‘सम्यक आढावा’ असं आपण सहज लिहितो. तेव्हा हा शब्द परका नाही, आणि कालचाही नाही. तो जुना आहे, नाव म्हणून मात्र नवा आहे.

जुना शब्द नाव म्हणून नवा का? दोन-अडीच हजार वर्षं जो शब्द या देशात आहे, तो आमच्या पोरांच्या वाट्याला यायला इतका वेळ का लागला? आता दुसऱ्या मुद्द्याकडे वळतो.

आधीची नावं

तुमच्यापैकी कितीजणांनी कोतवाल पंजीची, म्हणजे गावच्या जुन्या जन्मनोंदींच्या वहीची, नक्कल पाहिली आहे? जात वैधता प्रमाणपत्रासाठी तहसीलच्या रेकॉर्डरूमसमोर रांगेत उभं राहून ती काढलेली मंडळी इथं नक्कीच असतील. आमच्या घरच्या नकलेचा कागद मी नीट पाहिला आहे. पिवळा कागद, आडव्या रेघा, मोडी वळणाचं अक्षर. जन्मतारीख आहे, बापाचं नाव आहे, जात आहे, गाव आहे. आणि लेकराच्या रकान्यात? नुसतं ‘मुलगा’. जात लिहिली, नाव लिहिलं नाही. ज्या माणसाचा तो जन्म होता, तो पुढे सत्तर वर्षं जगला, शेती केली, पोरं वाढवली. सरकारच्या वहीत त्याची पहिली ओळख एवढीच.

आणि नाव पडलंच, तर काय पडायचं? दगडू. धोंडू. कचरू. उकंडा. उकंडा म्हणजे उकिरडा, हे आपल्या भागात सांगायची गरज नाही. आज आपण ही नावं ऐकून हसतो. मी तुम्हाला विनंती करतो, हसू नका. या नावांमागे एक आई उभी आहे.

आधीची दोन लेकरं गेलेली असायची. तिसरं झालं की म्हातारी बाई त्याला क्षणभर उकिरड्यावर ठेवायची, मग सुपात उचलून घरी आणायची. म्हणजे मरणाला वाटावं, हे टाकलेलं पोर आहे, याला काय न्यायचं. दगड मरत नाही, कचऱ्याकडे कुणी पाहत नाही, म्हणून दगडू, म्हणून कचरू. ते घाण नाव त्या माउलीच्या हातातलं एकमेव औषध होतं. गावात दवाखाना नव्हता, लस नव्हती. नाव तेवढं होतं.

हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. आपल्या गडचिरोलीनं ते मोजून दाखवलं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आल्याचं त्यांनी १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. राज्यातल्या बालमृत्यूंवरच्या त्यांच्या अहवालाचं नाव होतं ‘कोवळी पानगळ’. ज्या गावात बाळ जगेल याची खात्री नसते, तिथं आई सुंदर नाव ठेवायला भिते. ज्या गावात ते जगतं, तिथं ती धीर करून सुंदर नाव ठेवते. म्हणून मी म्हणतो, सम्यक या नावामागे जसा बुद्ध आहे, तशी गावातली आशाताईही आहे, पाठीवर पेटी घेऊन पांदीतून जाणारी नर्सबाईही आहे.

पण एवढंच कारण असतं तर गोष्ट सोपी होती. हलक्या नावाला दुसरंही एक कारण होतं, आणि ते आईचं नव्हतं, गावाचं होतं. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात वर्णावर्णांची नावं कशी ठेवावीत हे सांगितलं आहे. ब्राह्मणाचं मंगल, क्षत्रियाचं बळ दाखवणारं, वैश्याचं धन दाखवणारं, आणि शूद्राचं घृणा वाटावी असं. पोराच्या कानात पहिला शब्द पडण्याआधीच त्याची पायरी ठरवून टाकायची, ही ती व्यवस्था. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी मनुस्मृतीचं दहन केलं, तेव्हा जातीच्या उतरंडीबरोबर हीही नोंद जळली, असं मी मानतो.

दगडू पाटलाच्या वाड्यावरही होता आणि महारवाड्यातही होता, हे खरं. मग फरक काय? फरक हाकेत होता. वाड्यावरचा दगडू मोठा झाला की दगडूजी व्हायचा, दगडू पाटील व्हायचा. महारवाड्यातला दगडू सत्तरीला पोचला तरी दगड्याच राहायचा, आणि त्याच्या नातवाच्या वयाची पोरं त्याला तशी हाक मारायची. नाव तेच, शेपूट वेगळं. नाव ठेवण्याचा हक्क आईबापाकडे होता. हाक मारण्याचा हक्क मात्र गावानं स्वतःकडे ठेवला होता.

१६ ऑक्टोबर

ही हाक बदलली कधी? आपल्या शहराला हा प्रश्न विचारण्याचा आणि त्याचं उत्तर देण्याचा विशेष अधिकार आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली, हे सगळं जग जाणतं. १६ ऑक्टोबरला बाबासाहेब आपल्या गावी आले, हे आपण जाणतो. तेव्हा गावाचं नाव चांदा होतं. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांनी तो सोहळा उभा केला. जंगलातल्या वाटा तुडवत, बैलगाड्या हाकत, भाकरी बांधून माणसं आली. मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, वैनगंगेच्या अलीकडची आणि पलीकडची. आज जिथं दीक्षाभूमी आहे, तिथं त्यांनी त्रिसरण-पंचशील घेतलं, बावीस प्रतिज्ञा घेतल्या. त्यानंतर ५१ दिवसांनी, ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. म्हणजे आपल्या गावाच्या पदरात हे दान अगदी शेवटच्या घटकेला पडलं.

घरी परतलेल्या माणसांनी देव्हाऱ्यातले देव विसर्जित केले, गावकीची कामं सोडली, मेलेली ढोरं ओढणं सोडलं. आणि पुढच्या वर्षी जे लेकरू जन्मलं, त्याचं नाव बदललं. या शेवटच्या गोष्टीकडे आपण पुरेसं लक्ष दिलेलं नाही. कुठला अध्यादेश निघाला नव्हता. नावांची यादी कुणी वाटली नव्हती. तरी गावोगाव एकाच हंगामात दगडू थांबला आणि सिद्धार्थ सुरू झाला.

गुरुजींचं रजिस्टर मी त्यांच्या हयातीतच त्यांच्याशेजारी बसून चाळलं होतं. ते पानावर बोट ठेवून म्हणाले, ‘हे बघ, इथपर्यंत कचरू, उकंडा, झिंगरू. आणि हे पान उलटलं की गौतम, आनंद, राहुल, सुजाता, यशोधरा.’ एक पान उलटायला किती वेळ लागतो? त्या एका पानाला किती शतकं लागली?

जगातही असं घडलं आहे. अमेरिकेतल्या काळ्या माणसांच्या पूर्वजांना मालकांची नावं चिकटवली होती. १९६४ साली कॅशस क्ले या मुष्टियोद्ध्यानं ते नाव टाकलं आणि मुहम्मद अली हे नाव घेतलं. लोक बराच काळ त्याला जुन्याच नावानं हाक मारत राहिले आणि तो प्रत्येक वेळी नवं नाव सांगत राहिला. त्याच १९६४ साली आपलं चांदा चंद्रपूर झालं. नाव बदलणं म्हणजे केवळ कागद बदलणं नसतं. मला कुणी काय म्हणायचं ते मी ठरवीन, असं जाहीर करणं असतं.

आता १९५६ नंतरच्या पिढ्यांकडे बघा. माझ्या ओळखीच्या एका घरात पणजोबा उकंडा, आजोबा गौतम, वडील प्रज्ञानंद आणि पोरगा सम्यक. चार माणसं, चार नावं, आणि त्यात साऱ्या समाजाची वाटचाल. आजोबांच्या पिढीनं माणसांची नावं घेतली. सिद्धार्थ, गौतम, राहुल, अशोक, मिलिंद, सुजाता, संघमित्रा. त्यांना सांगायचं होतं, आम्ही कुणाचे आहोत. वडिलांच्या पिढीनं गुणांची नावं घेतली. प्रज्ञा, करुणा, मैत्री, शील. त्यांना सांगायचं होतं, आमच्याकडे काय आहे. आणि नातवंडांच्या पिढीला मिळालं सम्यक. हे माणसाचं नाव नाही, गुणाचंही नाही. व्याकरणात ते क्रियाविशेषण आहे. कसं पाहायचं, कसं बोलायचं, कसं कमवायचं, ते सांगणारा हा शब्द आहे. आम्ही कुणाचे, तिथून सुरुवात झाली. आता आम्ही चालायचं कसं, इथवर आपण आलो. मला ही सरळ वर जाणारी वाट वाटते.

रुजलं का?

नाव किती रुजलं, हे मोजायचं कसं? अमेरिकेचं सामाजिक सुरक्षा खातं १८८० पासूनच्या बाळांच्या नावांच्या याद्या सांभाळून आहे. आपल्याकडे अशी वार्षिक यादी निघत नाही. आपल्याकडे १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा आहे. जन्माची खबर एकवीस दिवसांत द्यायची, बाळाचं नाव बारा महिन्यांत फुकट चढवता येतं, आणि त्यानंतर शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. नाव आहे, पण त्याची मोजदाद नाही. मग आपल्याला डोळे उघडे ठेवून मोजावं लागतं. शाळेच्या हजेरीपटात मोजा. चौकातल्या वाढदिवसाच्या फलकांवर मोजा. १५ आणि १६ ऑक्टोबरला धम्मचक्र अनुप्रवर्तन दिनाच्या गर्दीत हरवलेल्या पोरांची नावं ध्वनिक्षेपकावरून पुकारतात, ती कान देऊन ऐका. सार्वजनिक जीवनातही हा शब्द आहे. सम्यक विद्यार्थी आंदोलन आहे, पुण्यात सम्यक साहित्य संमेलन भरतं. शब्द आधी चळवळीत आला आणि मग पाळण्यात आला.

रुजण्याची कारणं तीन दिसतात. पहिलं, ते उच्चाराला सोपं आहे. आमच्या झाडीबोलीत ‘ण’चा ‘न’ होतो. प्रणालीची प्रनाली होते आणि शहरात गेल्यावर पोरीला उगाच संकोच वाटतो. सम्यकमध्ये असा कुठला खडा नाही. आजीही म्हणते, नातूही म्हणतो, आणि लाडात आलं तर सम्या म्हणायलाही सोय आहे.

दुसरं, त्या नावात ओळख आहे आणि मोकळीकही आहे. हा मुद्दा नाजूक आहे, पण टाळणार नाही. नागपूर-पुण्यात खोली भाड्यानं घ्यायला गेलेल्या आपल्या पोरांना विचारा, घरमालक पहिला प्रश्न काय करतो? ‘पूर्ण नाव?’ नाव सांगितलं की आडनाव. आडनावानं समाधान झालं नाही, कारण आपल्याकडे मेश्राम गोंडांतही आहेत आणि बौद्धांतही, की मग गाव. या चौकशीला कंटाळून काही घरांनी कुठलाच माग लागू नये अशी नावं निवडली. त्यांना मी दोष देत नाही. ज्याच्या पायात काटा रुततो, त्यानं वाट बदलली तर त्याला आपण काय बोलायचं? पण सम्यकनं वेगळी वाट काढली. जो जाणतो त्याला ते नाव लगेच कळतं, आणि जो जाणत नाही तो अर्थ विचारतो. अर्थ सांगताना पोराला मान खाली घालावी लागत नाही.

तिसरं कारण मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. हे नाव आईबापांनी समजून ठेवलं आहे. आजोबांच्या पिढीला नावं भाषणांतून मिळाली, विहारातून मिळाली. या पिढीच्या आयांनी बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ स्वतः वाचला आहे. पहिल्यांदाच आपल्या घरांत आई वाचते आणि नाव ठरवते. गुरुजींच्या दुसऱ्या प्रश्नावर आज पदर सावरून गप्प बसायची वेळ तिच्यावर येत नाही. ती उत्तर देते.

पुढचा शब्द

आता शेवटचा मुद्दा. हे नाव आपल्याकडून काय मागतं?

सम्यक हा शब्द एकटा उभा राहत नाही. सम्यक काय? सम्यक दृष्टी, सम्यक वाचा, सम्यक आजीविका. त्याला पुढचा शब्द लागतो. आपण पोराला पहिला शब्द देतो आणि पुढच्या आठ जागा रिकाम्या ठेवतो. त्या त्यानं जगून भरायच्या. पण त्या भरायला लागणारी जमीन आपण त्याला देतो का?

आजीविका घ्या. आपल्या या जिल्ह्यांत पोर मोठं होऊन काय करणार? कोळशाच्या खाणीत जाणार, औष्णिक वीज केंद्रात जाणार, बल्लारपूरच्या कागद कारखान्यात जाणार, ताडोबात गाइड होणार, नाहीतर सुरजागडच्या लोहखनिजाच्या ट्रकवर बसणार. यातली सम्यक आजीविका कुठली? मी कुठल्याच कामाला हलकं म्हणत नाही. माझेच नातलग खाणीत उतरतात. पण वीज केंद्राच्या ज्या राखेनं आपल्याच लेकराची छाती भरते, त्याबद्दल बोलायचं नाही, आणि लेकराचं नाव मात्र सम्यक ठेवायचं, हे कसं चालेल? सम्यक वाचा म्हणजे गोड बोलणं नव्हे. खरं आहे ते, योग्य वेळी, ज्याला सांगायला हवं त्याला सांगणं.

आता त्या धातूकडे पुन्हा वळतो. एकत्र जाणं, एकाच दिशेला वळणं. हा अर्थ मी एका गावात पाहिला आहे, आणि त्या गावात माझ्या माहितीत एकाचंही नाव सम्यक नाही. ते गाव धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा. गोंडांचं छोटं गाव. तिथली ग्रामसभा बहुमतानं निर्णय घेत नाही, सर्वसहमतीनं घेते. एकाचाही विरोध असला तर विषय पुढच्या बैठकीला जातो. लोक अभ्यास गटात बसून विषय समजून घेतात, मग ठरवतात. २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क या गावाला मिळाला, आणि देवाजी तोफा यांच्यासारख्या माणसांनी बांबू विकण्याच्या हक्कासाठी सरकारशी शांतपणे, चिकाटीनं झुंज दिली. एकत्र जाणं याहून वेगळं काय असतं?

म्हणून सम्यक नावाच्या घरांना माझं एक सांगणं आहे. तुमच्या शेजारच्या गोंड आणि माडिया घरांच्या नावांकडेही आदरानं पाहा. सोमारू, मंगरू, बुधरी, सुकरी. जन्मवारावरून पडलेली ही नावं त्यांच्या जगण्यातून आली आहेत. कुणी आजोबाचं नाव नातवाला देतं, म्हणजे गेलेला माणूस घरी परत येतो. ही नावं खेडवळ वाटतात म्हणून शाळेत दाखल करताना परस्पर बदलून टाकायची, त्या जागी दुसरं ‘चांगलं’ नाव लिहायचं, असं आपल्या जिल्ह्यांत घडलेलं आहे. शिक्षकांचा हेतू वाईट नसेल. पण आपल्या पूर्वजांच्या बाबतीत गावानं जे केलं, तेच आपण दुसऱ्याच्या लेकराला करायचं का? दगडू आणि मंगरू यांत फरक आहे. दगडू मरणाच्या भयातून आणि गावाच्या धाकातून आला. मंगरू मंगळवारातून आला. एक नाव टाकण्यात सन्मान होता, दुसरं राखण्यात सन्मान आहे. इंग्रजांशी लढलेले किष्टापूरचे वीर बाबूराव शेडमाके २१ ऑक्टोबर १८५८ ला चांद्याच्या तुरुंगात फासावर गेले. त्यांचं नाव आज गोंड पोरांच्या छातीवर, टी-शर्टवर आहे. १६ ऑक्टोबर आणि २१ ऑक्टोबर, दोन्ही तारखा या एका गावाच्या आहेत. दोन्ही तारखांना आपण एकत्र का जमू नये?

बोलणं आवरतं घेतो. काय सांगितलं ते थोडक्यात असं. एक, सम्यक म्हणजे एकत्र, एका दिशेनं जाणं, आणि तो शब्द बौद्धांचा आहे, जैनांचा आहे, मराठीचा आहे. दोन, त्याच्या आधीची हलकी नावं आईच्या भीतीतून आणि गावाच्या उतरंडीतून आली होती. पहिलं कारण दवाखान्यानं दूर केलं, दुसरं धम्मानं. तीन, १९५६ नंतर आपण माणसांच्या नावांवरून गुणांच्या नावांवर आणि तिथून चालण्याच्या रीतीवर आलो. चार, हे नाव रुजलं, कारण ते समजून ठेवलेलं आहे. आणि पाच, ते अपुरं आहे. पुढचा शब्द लिहायचा राहिला आहे.

इथं बसलेल्या शिक्षकांना, अंगणवाडी ताईंना, ग्रामसेवकांना माझी विनंती आहे. लेकराला पूर्ण नावानं हाक मारा. घरात सम्या चालेल, वर्गात सम्यक म्हणा. मंगरूला मंगरूच म्हणा, पण तो असा म्हणा की त्याची मान वर राहील. आणि घरी गेल्यावर आपल्या घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारा, तुझं नाव कसं पडलं? जे सांगतील ते लिहून ठेवा. ती माणसं आता फार थोडी उरली आहेत.

कोतवाल पंजीत आमच्या पूर्वजाच्या नावाच्या जागी ‘मुलगा’ लिहिलं होतं, आणि आईला तर रकानाच नव्हता. महाराष्ट्र सरकारच्या निर्णयानं १ मे २०२४ पासून जन्मलेल्या लेकरांच्या सरकारी कागदांवर क्रम बदलला आहे. आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, आणि शेवटी आडनाव. ही लेकरं २०३० च्या जूनमध्ये पहिलीत येतील. तेव्हा आपल्या शाळांच्या दाखल-खारीज रजिस्टरात सम्यक हे नाव लिहिलं जाईल, आणि त्याच्या पुढचा शब्द त्याच्या आईचं नाव असेल.